पुण्याच्या नावाची डिव्हिजन आणि कूतचा वेढा

सातारा,
२९ एप्रिल

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचून बरेच दिवस झाले. उत्तरासाठी आजचा दिवस मुद्दाम निवडला, कारण १९१६ साली याच तारखेला टायग्रिस नदीकाठच्या कूत-अल-अमारा या गावात सहाव्या पुणे डिव्हिजनने शस्त्रं खाली ठेवली. इराकमधल्या लढाईत पुण्याचं नाव कुठून आलं आणि पहिलं महायुद्ध म्हटलं की आपल्याला फ्रान्समधले खंदकच का आठवतात, असं तू विचारलं होतंस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देता येतं: ते युद्ध आपण इंग्रजांच्या आठवणींतून शिकलो. पहिल्याचं उत्तर लांबेल, तेव्हा सवडीनं वाच.

तेव्हाच्या हिंदी लष्करातल्या डिव्हिजन आपापल्या ठाण्याच्या नावानं ओळखल्या जात. सहावी ती पुण्याची. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती, शिवाय १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. सोबत राजपूत, पंजाबी आणि काही गोऱ्या पलटणी. मराठा पलटण म्हटलं तरी तिच्यात देशावरचे, कोकणातले मराठे आणि दख्खनी मुसलमान असे सगळेच असत. म्हणजे तुझ्या चिपळूणकडची आणि माझ्या साताऱ्याकडचीच पोरं ती. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी पहिली ब्रिगेड शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाव इथे उतरली आणि त्याच महिन्यात बसरा हाती आलं. अबादानचा तेलाचा कारखाना आणि त्याची पाइपलाइन राखायची, इराकवर तेव्हा सत्ता असलेल्या तुर्कांना आखातात पाय रोवू द्यायचे नाहीत, एवढाच तेव्हाचा हेतू. इंग्रजांच्या युद्धनौका कोळशावरून तेलावर येत होत्या, त्यामुळे त्या कारखान्याला फार मोल होतं.

इथंच थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण यश मिळत गेलं. एप्रिल १९१५ मध्ये शैबाला तुर्कांचा हल्ला परतवला. ३१ मे रोजी कुर्ण्याच्या पुढे, पुरानं भरलेल्या दलदलीत, आपल्या शिपायांनी बेलम नावाच्या अरुंद स्थानिक होड्या बांबूंनी रेटत नेल्या आणि तुर्कांची ठाणी घेतली. विचार कर, त्यांतल्या कितीतरी जणांनी आयुष्यात कधी होडी हाकली नसेल. डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड मूठभर लोकांनिशी पुढे धावला आणि अमारा जवळजवळ लढाईशिवाय पडलं. जुलैच्या उन्हात नासिरिया घेतलं, सप्टेंबरअखेर कूत. आता वरच्या लोकांना बगदाद दिसू लागलं. आघाडीचा सेनापती निक्सन उतावीळ झाला होता आणि सिमल्याचं हिंदुस्थान सरकार आणि लंडन, दोघांनाही त्या वेळी एखादा विजय हवा होता, कारण गॅलिपोलीत सगळं फसलं होतं.

या आघाडीबद्दल मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. पुणे डिव्हिजन शिपायांच्या उणिवेमुळे बुडाली नाही. बोटी कमी होत्या आणि त्या कमी आहेत हे ठाऊक असूनही तिला पुढे ढकललं गेलं. बसऱ्याहून बगदाद नदीमार्गे सुमारे ८०० किलोमीटर. धड रस्ता नाही, पावसाळ्यात सगळा चिखल. रेल्वे नाही, बसऱ्याहून नासिरियापर्यंत टाकायची सूचना आली होती, ती हिंदुस्थान सरकारनं खर्चाच्या कारणानं नाकारली. जे काही जाणार ते नदीतून, उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटींनी, आणि तशा बोटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बसऱ्याला धक्केच नव्हते, त्यामुळे मुंबईहून निघालेला माल जहाजांतच अडकून पडे. सैन्य जितकं पुढे जाई तितकी प्रत्येक बोटीची फेरी लांबे, आणि खालून येणारं धान्य, दारूगोळा, औषधं तितकी घटत जात. हा हिशेब कुणालाही मांडता आला असता. टाउनशेंडनं स्वतः तसा इशारा दिला होता. तरी हुकूम आला आणि तो निघाला.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला गाठ पडली. तिथं सासानी राजवाड्याची विटांची प्रचंड कमान अजून उभी आहे. तिच्या सावलीत आपल्या लोकांनी तुर्कांची पहिली फळी घेतली, पण डिव्हिजनची सुमारे ४,६०० माणसं ठार किंवा जखमी झाली आणि पुढे जायला अंगात बळ उरलं नाही. जखमींसाठी साधने जवळजवळ नव्हतीच. बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून त्यांना नदीपर्यंत आणलं आणि बोटींवर कोंबलं. ‘मेजिदिया’ नावाची बोट बसऱ्याला पोचली तेव्हा मेजर कार्टर या डॉक्टरला लांबून वाटलं की कठड्यावरून दोऱ्या लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं, ती विष्ठा होती. उठता न येणारी माणसं सुमारे तेरा दिवस तशीच पडून होती. कार्टरनं तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यालाच लुडबुड्या ठरवून दटावलं. हे वाचताना माझ्या पोटात कालवलं.

माघार घेत टाउनशेंड ३ डिसेंबरला कूतला आला आणि नदीच्या वळणात वसलेल्या त्या गावात त्यानं तळ ठोकला. चार दिवसांत वेढा पडला, तो १४७ दिवस टिकला. सुमारे ६,००० अरब रहिवासीही आत अडकले. आता एक गोष्ट नीट लक्षात घे. टाउनशेंडनं सुरुवातीला धान्य फार थोडे दिवस पुरेल असं कळवलं. त्यामुळे सुटकेसाठी निघालेल्या सैन्यानं जमवाजमव पुरी व्हायची वाट पाहिली नाही. जहाजांतून उतरतील तशा पलटणी तोफांच्या पुरेशा आधाराशिवाय पुढे लोटल्या. मग घरोघर झडती घेतल्यावर धान्य निघालं आणि वेढ्यातले लोक एप्रिलअखेरपर्यंत टिकले. त्या घाईनं किती माणसं खाल्ली! शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नाइयात अशा लढायांमागून लढाया. कूतमधली सुमारे १३,००० माणसं सोडवण्यासाठी सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली. हन्नाची लढाई २१ जानेवारीची. पाऊस, गारठा, गुडघाभर चिखल आणि समोर सपाट उघडं मैदान. तिथं डोग्रा पलटणीतल्या लान्सनायक लाला यानं तात्पुरत्या आडोशामागे पाच जखमींच्या मलमपट्ट्या केल्या, आपल्या अंगावरचे कपडे काढून आपल्या पलटणीच्या एका जखमी अधिकाऱ्यावर पांघरले आणि अंधार पडल्यावर त्याला स्ट्रेचरवरून आणलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

कूतमध्ये पुढे घोडे कापायची वेळ आली. गोऱ्यांनी मांस खाल्लं, आपल्यांतल्या बहुतेकांनी महिनोन् महिने नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशानं परवानगी मागवली, ती आली, तरी लोक कचरत होते. काही इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिहिण्यात हा सगळा हट्ट म्हणून येतो आणि उपासमारीचं खापर शिपायांवर फुटतं. मला ते मुळीच पटत नाही. गावी परतल्यावर पंगतीत कुणी शेजारी बसेल का, बहिणीचं लग्न जमेल का, याची धास्ती घेऊन तो माणूस अर्धपोटी पहारा देत होता. जातीबाहेर पडण्याचं भय संदेशानं कसं जाणार? स्कर्व्हीनं, म्हणजे ताज्या भाजीपाल्याअभावी होणाऱ्या रोगानं, हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात, आणि तरी त्यानं जागा सोडली नाही. वेढ्यातल्या लोकांसाठी विमानांतून पोती टाकली गेली, असा प्रयोग जगात बहुधा पहिलाच. पण पुरेसं काही पोचलं नाही. ‘जुलनार’ नावाच्या बोटीला धान्य भरून रात्री घुसवायचा प्रयत्न झाला, तीही अडकली. शेवटी तुर्की सेनापती खलील पाशाला वीस लाख पौंड देऊ केले गेले. तेही नाकारले गेले.

शरणागतीनंतरचे आकडे मी मुद्दाम वेगळे लिहितो. गोरे अधिकारी २७७, हिंदी अधिकारी २०४, गोरे शिपाई २,५९२, हिंदी शिपाई ६,९८८ आणि हिंदी चाकरवर्ग ३,२४८. हा शेवटचा आकडा लोकांच्या नजरेतून सुटतो. भिस्ती, भंगी, स्वयंपाकी, खेचरवाले, डोलीवाले, यांनी बंदूक हातात धरली नव्हती, पण त्यांनी भोगलं तेच. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. त्याची माणसं बगदाद, मोसूल, रास-अल-ऐन अशी वाळवंटातून पायी हाकलली गेली आणि बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपली गेली. गोऱ्या शिपायांपैकी १,७०० हून अधिक कैदेत मेले, हिंदी लोकांपैकी किमान २,५००. टाउनशेंडनं त्यांच्यासाठी पुढे फारसं काही केलं नाही, आणि मी त्याला या एका गोष्टीसाठी कधी माफ करू शकलेलो नाही.

लंडनला चौकशी आयोग नेमला गेला. १९१७ च्या त्याच्या अहवालात हिंदुस्थान सरकारच्या कारभाराची लक्तरं निघाली. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. पार्लमेंटमधल्या चर्चेत माँटेग्यू यांनी त्या सरकारला लाकडी, लोखंडी, पुराणकाळचं म्हटलं होतं. तेच चेंबरलेन यांच्या जागी आले आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी जबाबदार राज्यपद्धतीची प्रसिद्ध घोषणा त्यांनी केली. शाळेत आपण ती घोषणा पाठ केली, पण टायग्रिसचा चिखल तिच्या इतका जवळ आहे हे कुणी सांगितलं नाही.

पुढचं भराभर सांगतो, कारण पुढे तेच सैन्य नीट पोसलं गेलं आणि नीट लढलं. आघाडीचा नवा सेनापती जनरल मॉड यानं आधी धक्के, बोटी, रेल्वे, इस्पितळं उभी केली, मगच पाऊल उचललं. फेब्रुवारी १९१७ मध्ये कूत परत घेतलं, ११ मार्चला बगदाद. मॉड त्याच वर्षी कॉलऱ्यानं गेला. ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकातच्या लढाईत ११४ व्या मराठा पलटणीनं एका झुंजीत २८ शौर्यपदकं मिळवली. ११७ वीला युद्धानंतर ‘रॉयल’ हा किताब मिळाला. युद्धाआधी याच मराठ्यांना ‘लढाऊ जमात’ सिद्धान्तवाल्यांनी, म्हणजे काही जमातीच लढायला लायक असं मानणाऱ्यांनी, दुय्यम ठरवलं होतं. महारांची भरती तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदच केली होती; माणसं कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ मध्ये गरज सरताच मोडली. याचा मला आजही राग येतो.

बसऱ्याला स्मारक आहे, १९२९ साली उघडलेलं. १९९७ मध्ये ते शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्याला हलवलं गेलं. चाळीस हजारांहून अधिक माणसांचं ते स्मारक. पण दगडावर अधिकाऱ्यांची नावं आहेत, आणि हिंदी शिपायांची पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या. त्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवह्यांत आहेत, बऱ्याच नावांपुढे बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही आहे. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंग्यासारख्या गावानं त्या युद्धातली आपली माणसं लक्षात ठेवली, म्हणून त्यांचं नाव निघतं. बाकीच्या गावांचं काय?

म्हणून तुला एक काम सांगतो. त्या नोंदी आता संगणकावर शोधता येतात. मी पाटण आणि कोरेगाव तालुक्यांची नावं उतरवायला घेतली आहेत. तू चिपळूण आणि खेड घे. स्पेलिंगं विचित्र आहेत, गावांची नावं ओळखायला तुझ्यासारखा तिथला माणूसच हवा. नाव, बापाचं नाव, पलटण, तारीख, गाव एवढंच लिही, आणि गावाबद्दल शंका असेल तिथे खूण कर. पावसाळ्याआधी दोन्ही याद्या एकत्र ठेवू आणि ग्रामपंचायतींना पाठवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर लवकर लिही.

तुझा,
मोहन