या वेळी फास्ट नको, बाबा

ती. आई-बाबांस,
सा. न.

आधी सांगून टाकते. दादरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मी बदलून घेतली आहे. सकाळी साडेनऊ नाही, बुधवारी दुपारी एक. न विचारता केलं, रागावू नका. साडेनऊला पोचायचं तर डोंबिवलीला आठच्या गर्दीत चढावं लागतं. रविवार मिळत होता, पण मेगाब्लॉकच्या दिवशी गाड्यांचा भरवसा नाही. आणि या वेळी मला येता येत नाहीये, म्हणूनच एवढा जीव खालीवर होतोय.

बाबा, तुम्ही फास्ट लोकलच म्हणणार. पण ती कल्याणकडून भरून येते आणि जेमतेम अर्धा मिनिट थांबते. साडेअकराच्या सुमाराची डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो धरा. मोबाईलवरच्या एम-इंडिकेटर अ‍ॅपमध्ये गाडीवर बोट ठेवलं की ती कुठून सुटते ते दिसतं. पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतील, पण निवांत बसायला मिळेल. आलेली माणसं उतरू द्या, मगच चढा. ज्येष्ठांची राखीव बाकं सेकंड क्लासच्या ठरावीक डब्यांत असतात. अपंगांच्या डब्यात मात्र नुसत्या वयावर चढता येत नाही. शीव गेलं की उठा, फलाट कुठल्या बाजूला येणार ते दारातल्यांना विचारा.

खरी काळजी परतीची आहे. डोळ्यांत थेंब घातले की बाबांना काही तास जवळचं धूसर दिसेल, उजेड टोचेल. फलाट आणि डब्यामधली फटही नीट कळणार नाही. म्हणून आई, फलाटावरचा इंडिकेटर तू वाचायचास. 2023च्या डिसेंबरपासून दादरला मध्य रेल्वेचे फलाट 8 ते 14 झालेत, जुने आकडे डोक्यातून काढ. डोंबिवली, कल्याण, टिटवाळा, अंबरनाथ, बदलापूर, काहीही चालेल. ठाणे लोकल नको, ती ठाण्यालाच संपते. साधं तिकीट एसी गाडीत चालत नाही. सरकता जिना नको, लिफ्ट शोध. चढताना आधी मधला दांडा धरायचा, मग पाय. लहानपणी दारात तू माझं मनगट इतकं घट्ट धरायचीस की बांगडीचा वळ उठायचा. तसंच बाबांचं धर, ते कितीही 'सोड' म्हणाले तरी.

चारच्या आत गाडीत बसा. उशीर झाला तर सरळ टॅक्सी करून घरी या, पैशांचा हिशोब मांडू नका. वेगवेगळ्या डब्यांत बसायचं नाही. रिटर्न तिकीट जातानाच काढा. गॉगल आणि पाण्याची बाटली पिशवीत वरच ठेव, आणि फोन तुझ्या हातात, तळाशी नको. बसलात की मिस्ड कॉल दे. मी वाट बघत असेन.

तुमची,
मनू