उठता-बसता

मालवण,
पितृपक्ष, तृतीया

प्रिय बायो,

परवा फोनवर मी 'स्पर्धेची तयारी चाललीय' म्हणाले आणि तू 'कसली, पाककलेची?' म्हणून हसत सुटलीस. मी विषय बदलला, तुझ्या मुलाच्या बारावीबद्दल विचारलं आणि फोन ठेवला. आता लिहून कळवते. कागदावर तुला मध्ये हसता येत नाही.

स्पर्धा पॉवरलिफ्टिंगची आहे. हौशी, जिल्ह्यापुरती, कुडाळात, दसऱ्यानंतरच्या रविवारी. माझं नाव मास्टर्समध्ये आहे. चाळीस ओलांडली की लोक आपल्याला 'काकी' म्हणतात आणि या खेळात 'मास्टर' म्हणतात, एवढ्यासाठीसुद्धा मी गेले असते.

आमच्या मामेसासऱ्यांनी चतुर्थीला सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं, 'म्हणजे मीराबाई चानू करते तां?' ते तां नव्हे. मीराबाईचं वेटलिफ्टिंग, त्यात वजनाचा लोखंडी बार डोक्याच्या वर जातो. आमच्यात बार डोक्याच्या वर जातच नाही. तीनच प्रकार: बार खांद्यावर घेऊन खाली बसून उठायचं तो स्क्वॉट, बाकावर उताणं पडून छातीला टेकवून वर ढकलायचा तो बेंच, आणि जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं तो डेडलिफ्ट. प्रत्येकात तीन अटेम्प्ट. तिन्हीतले सगळ्यात मोठे आकडे घेऊन बेरीज करायची, ज्याची बेरीज मोठी तो पुढे. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही, हे कळल्यावर मामेसासऱ्यांचा रस संपला आणि ते मोदकांकडे वळले.

गट अंगच्या वजनाप्रमाणे, मी ६९ किलोच्या गटात. पूर्वी ७२चा गट होता, २०२१पासून तो जाऊन ६९ आणि ७६ असे दोन झाले. २००० साली सिडनी ऑलिंपिकात कर्णम मल्लेश्वरीने वेटलिफ्टिंगचं कांस्य घेतलं तेही ६९च्याच गटात, २४० किलो उचलून. माझं यंदाचं लक्ष्य आहे २५०. घाबरू नकोस, तिने दोनच प्रकारांत आणि डोक्यावर उचलले होते. माझी लेक मात्र सगळ्या आळीत सांगत सुटलीय की आई मल्लेश्वरीपेक्षा दहा किलो जास्त उचलते. तिचं तोंड कोण धरणार!

हे सुरू कसं झालं ते तुला अर्धवटच माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी आषाढात गॅसवाल्याने खाणावळीचा मोठा सिलिंडर पायरीखाली पावसात टाकला आणि तो गेला निघून. १९ किलो गॅस, वर टाकीचं वजन. मी तो कमरेतून वाकून, झटका देऊन उचलला. मग पंधरा दिवस फळीवर झोपले. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका. खाणावळवालीला वजन उचलू नका! तांदळाची पोती काय आपल्या पायांनी चालत येणार? तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांपैकी एकजण, इथल्या जिममध्ये शिकवतात ते सर, म्हणाले, उचलू नका असं नाही, उचलायला शिका. पहिले दोन महिने त्यांनी मला नुसता लाकडी दांडा हातात देऊन वाकायला लावलं. कंबर मागे, पाठ सरळ, दांडा पायाला घासून. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, दुपारची जेवणं आटोपली की साडेतीन ते पाच.

आता जे सांगते ते घरीसुद्धा नीट सांगितलेलं नाही. मी गेल्या वर्षीही गेले होते. अशाच एका स्पर्धेला, तुला न कळवता. आणि भोपळा घेऊन आले.

स्क्वॉट कसाबसा झाला. बेंचला मी पहिलाच अटेम्प्ट ४५ लिहून दिला, कारण जिममध्ये माझे ४५ एकदा गेले होते. बार छातीला टेकवायचा, तिथे तो स्थिर व्हायचा, पंच 'प्रेस' म्हणणार, मग ढकलायचा. मी टेकवला आणि कुणी काही म्हणायच्या आत ढकलला. वर गेला तसा मला आनंद झाला, मान वळवून बघते तर तिन्ही पंचांचे दिवे लाल, म्हणजे बाद. दुसऱ्या वेळी थांबले, पण जोर लावताना बूड बाकावरून उचललं गेलं. पुन्हा लाल. तिसऱ्याला बार अर्ध्यावर अडकला आणि दोन्ही बाजूंच्या पोरांनी तो माझ्यावरून उचलून नेला. एका प्रकारात तिन्ही गेले की बेरीजच होत नाही. डेडलिफ्ट हा माझा सगळ्यात बरा प्रकार, तो चालू असताना मी प्रेक्षकांत बसून दुसऱ्यांना टाळ्या वाजवत होते. घरी येऊन 'बरी झाली' म्हणाले आणि रात्रीच्या आठ पानांचं पीठ मळायला घेतलं.

चूक साधी होती. एकदा मागितलेलं वजन कमी करता येत नाही. फसलात तर तेच पुन्हा, नाहीतर त्याहून जास्त. म्हणून पहिला अटेम्प्ट असा लिहायचा की तापातून उठून आलो तरी जाईल. हे सरांनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं. पण एक गोष्ट मला वर्षभर सलत होती. तिथला बार हातात घेतल्या घेतल्या जड लागला होता. मी धरून चालले होते की भीतीनेच.

तर ऐक. मासेमारीची बंदी उठली, ऑगस्टात होड्या बाहेर पडल्या, मी पहाटे जेटीवर मासळी घ्यायला जाऊ लागले. लिलावाच्या जागी तो मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आहे ना, एक दिवस डोक्यात आलं आणि दुसऱ्या दिवशी जिममधला बार आणि त्याला लावायच्या वजनाच्या थाळ्या रिक्षात घालून तिथे नेल्या. काट्यावरचा पोरगा बघतच राहिला. 'वैनी, हो खयचो मासो?' मी म्हटलं, बिनकाट्याचो, ठेव गप. २० लिहिलेल्या चार थाळ्या भरल्या १९.२, १८.९, १९.४ आणि १८.७. दहाच्या दोन ९.६ आणि ९.५. बार, जो आम्ही २० धरतो, तो साडेअठरा. वहीत बेरीज केली. माझे अभिमानाचे १२० किलो डेडलिफ्ट म्हणजे खरे ११३.८!

तिथेच ओल्या फरशीवर उभी राहून मला आधी रडू आलं आणि मग हसू. म्हणजे गेल्या वर्षी तो बार खरोखरच जड होता. स्पर्धेत थाळ्या खऱ्या असतात, शिवाय बारच्या दोन्ही टोकांना थाळ्या अडकवून ठेवायला अडीच-अडीच किलोच्या कॉलर लागतात आणि त्याही वजनात धरतात. आमच्याकडे कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारख्या क्लिपा. जिमच्या मालकाला सांगितलं तर म्हणतो, 'लोखंड आहे वहिनी, खाऱ्या हवेने झिजतं.' गंजाने किलोभर झिजतं का गं? झिजतच असेल तर मग माझ्या घराच्या खिडक्यांचे गज एव्हाना केसाएवढे व्हायला हवे होते. आता मी प्रत्येक थाळीवर रंगाने खरं वजन लिहिलंय. तो चिडलाय, पण दुपारचं जेवण आमच्याकडूनच जातं, त्यामुळे बोलत नाही.

तर नवे आकडे. स्क्वॉट ७७.५, ८५, ९०. बेंच ४०, ४५, ४७.५. डेडलिफ्ट १००, ११०, ११५. हा ११५ मला आत्तापासून दिसतो. स्पर्धेच्या थाळ्या रंगीत असतात, २५ची लाल, २०ची निळी. ११५ म्हणजे प्रत्येक बाजूला एक लाल, एक निळी, बाहेरून कॉलर, बस. सुटे पैसे नाहीत.

स्क्वॉटचं दुखणं वेगळं होतं. नियम असा की मांडीचा वरचा भाग कमरेच्या सांध्यापाशी गुडघ्याच्या माथ्याखाली गेला पाहिजे. मला वाटायचं मी जाते. लेकीने बाजूने व्हिडिओ काढले, बघावं तर प्रत्येक वेळी दोन बोटं कमी. सरांनी सांगून झालं, आरसा लावून झाला. शेवटी मागच्या पडवीत सासूबाई आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून बांगडे कापत होत्या, मी शेजारी केरसुणीचा दांडा खांद्यावर घेऊन बसत-उठत होते. त्यांनी दोनदा बघितलं आणि हातातला बांगडा तसाच धरून म्हणाल्या, 'अर्धीच बसतंस गो. आडाळ्यार बसतंस तशी बस.' मी म्हटलं, ओझं घेऊन तसं बसवत नाही. तर म्हणाल्या, 'गुडघे कित्याक पुढे ढकलतंस? बाजूक काढ.' मी पाय थोडे रुंद केले, गुडघे बाहेर काढले, आणि बूड सरळ खाली गेलं. बायो, सत्तरीतली ही बाई रोज दोन तास तेवढं खाली बसते आणि हात न टेकता उठते. आता माझ्या प्रत्येक स्क्वॉटच्या व्हिडिओवर आधी त्यांचा निकाल. 'हां' म्हणाल्या की पांढरा दिवा.

'प्रेस'ची तालीम लेक घेते. ती मुद्दाम लांबवते. बार छातीवर ठेवून मी घुसमटते आणि ही कार्टी खिडकीबाहेर बघते. पण एक खरं, आता मला थांबण्याची सवय झालीय. डेडलिफ्टलाही 'डाऊन' म्हणेपर्यंत उभं राहायचं असतं, बार मध्येच टाकला तर गेलं.

पावसाने छळलं ते निराळंच. कातडी पट्ट्यावर चार दिवसांत पांढरी बुरशी. हाताला लावायची मॅग्नेशियमची पावडर हवेने ओली होऊन खडा होते, म्हणून ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती. एकदा सासूबाईंनी तोच डबा उघडून पेजेला तांदूळ घेतले. पुढचं लिहीत नाही.

आणि खाणं! प्रोटीन खा म्हणतात. जून-जुलै मासेमारी बंद, सुक्या बांगड्यांवर काढले. मग श्रावण, आमच्या घरी अंडंसुद्धा नाही. कुळथाची पिठी, मोडाचे मूग, चवळी, दही, पुन्हा कुळथाची पिठी. श्रावण सुटतो तोवर गणपती, चाकरमानी, मोदक. काल वजन केलं, ७०.४. साडेतीन आठवड्यांत दीड किलो, ते होईल, रात्रीचा भात अर्धा केलाय. पाणी तोडून वजन उतरवणारे असतात, मी तसलं करणार नाही. वजन घेणं स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतं, वाळलेल्या सुकटीसारखं जाऊन उचलायचं काय? खरा धोका दसऱ्याचा. कोंबडी-वडे गुरुवारी आणि वजनकाटा रविवारी.

नवरात्राचा उपास मी यंदा धरणार नाही म्हटल्यावर सासूबाई गप्प झाल्या. रात्री म्हणाल्या, 'नऊ दिवस नको. उठता-बसता कर.' पहिल्या दिवशी आणि अष्टमीला, एवढंच. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, 'वहिनी, उठता-बसता तर तुम्ही वर्षभर करताच आहात.'

आता मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. मला माणूस हवं. प्रत्येक अटेम्प्ट झाला की पुढचा आकडा एका मिनिटात टेबलावर लिहून द्यायचा असतो. गेल्या वर्षी ते माझं मीच केलं होतं, धापा टाकत. सर त्या दिवशी पोरांच्या गटात असणार, नवरा आकडा विचारला की 'तू म्हणशील तसं' म्हणतो. शाळेत तिसऱ्या बाकावर माझी गणितं तू सोडवायचीस आणि मी उत्तर वाढवून लिहिलं की हातावर पट्टी मारायचीस. तेच काम आहे. मी ठरल्यापेक्षा मोठा आकडा सांगू लागले तर ऐकायचं नाही. फक्त डेडलिफ्टच्या तिसऱ्याला आकडा दोनदा बदलता येतो, तिथे बाकीच्यांचं बघून तुझं डोकं चालव. बेरीज सारखी झाली तर जिचं अंगचं वजन कमी ती वर, तेही ध्यानात ठेव.

शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकड, शनिवारी सकाळी कुडाळला उतर, मी स्टँडवरून येते. रात्री आमच्याकडे. जेवण साधं असेल, आधीच सांगते, तुझे वडे रविवारी संध्याकाळी.

सासूबाईही येणार म्हणतात. त्यांना पंचांच्या शेजारी खुर्ची हवीय. तसं चालत नाही हे तू समजाव, माझं ऐकत नाहीत.

तुझी,
तिसऱ्या बाकावरची

ता. क. तुझ्या मुलाचे फुटबॉलचे लांब मोजे असतील तर घेऊन ये. डेडलिफ्टला नडगी झाकलेली लागते आणि इथे बाजारात सगळे शाळेचे आखूडच मिळतात. धुऊन आण गं, मागच्या वेळचा त्याच्या बुटांचा वास अजून आठवतो.