बाबा, तो फ्लॅट आम्ही घेत नाही आहोत

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोन स्पीकरवर होता आणि मागे टीव्ही चालू होता, त्यामुळे नीट बोलणं झालंच नाही, म्हणून आता सविस्तर मेल करतेय. बाबांचं म्हणणं असं की खाली मस्त रेस्टॉरंट उघडलंय म्हणजे तुमचा एरिया सुधारतोय, भाव अजून चढायच्या आत तुमच्याच बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेऊन टाका, कमी पडतील ते आम्ही एफडी मोडून देतो. बाबा, हिशोब म्हणून यात काहीच चूक नाहीये. पण पूर्ण ऐका आधी.

आई, ते रेस्टॉरंट कुठे उघडलंय माहितीय का, तू ज्या तुर्की काकांकडून कोथिंबिरीच्या जुड्या आणायचीस, तिथेच. त्यांचा करार संपला आणि मालकाने नवीन भाडं सांगितलं ते जवळजवळ दुप्पट, काकांनी दोन महिने विचार केला आणि शटर ओढलं. आता तिथे उघड्या विटांची भिंत, पिवळे दिवे, गढूळ दिसणारी महागडी वाईन आणि मोठ्या प्लेटमध्ये बीटाच्या चार फोडी. आम्ही जाऊन आलो, खोटं कशाला बोलू, जेवण छान होतं, फक्त ऑर्डर इंग्लिशमध्ये द्यावी लागते, बर्लिनमध्ये राहून जर्मन शिकायला एवढे क्लास लावले ते कशासाठी असं वाटलं मला.

पण त्या रेस्टॉरंटवाल्या पोरांवर माझा राग नाहीये. इथे गंमत अशी आहे की घरांना भाड्याचा कायदा आहे आणि दुकानांना नाही. घरात आधीपासून राहणाऱ्याचं भाडं इथे तीन वर्षांत जास्तीत जास्त 15 टक्के वाढवता येतं आणि तेही त्या भागातल्या सरकारी भाडेतक्त्याच्या वर नाही, दुकानाचं मात्र करार संपला की मालक म्हणेल ती पूर्व दिशा. म्हणून एरिया बदलायला लागला की आधी भाजीवाला जातो, मग चपला शिवणारा, मग न्हावी, आणि वर माणसं तीच असतात पण त्यांना परवडेल असं खाली काही उरत नाही. 2015 मध्ये बाजूच्या क्रॉइत्सबर्गमध्ये एका तुर्की भाजीवाल्याला अशीच नोटीस आली होती, तर अख्खी गल्ली रस्त्यावर उतरली आणि मालकाला नोटीस मागे घ्यावी लागली. आमच्या काकांसाठी कोणी उतरलं नाही. आणि हो, या रेस्टॉरंटचा करारही मुदतीचाच आहे, तो संपला की यांनाही तोच मालक आणि तोच आकडा.

बाबा, तुम्ही रोज सकाळी ज्या मोठ्या मैदानात फिरायला जायचात ना, टेम्पलहोफ, तिथे 2008 पर्यंत विमानतळ होता. आमच्या नॉयक्योल्नच्या या गल्ल्यांवरून विमानं इतकी खालून जायची म्हणे की बोलणं ऐकू यायचं नाही, त्यामुळे घरं स्वस्त, त्यामुळे कामगार, तुर्की आणि अरब कुटुंबं, विद्यार्थी. मग विमानं बंद झाली, 2010 ला मैदान सगळ्यांसाठी उघडलं आणि भाडी चढायला लागली. म्हणजे एवढी वर्षं आवाज ज्यांनी सोसला, त्यांनाच शांतता परवडेना. आम्हीपण नंतर आलेले, आमच्या आधीच्या भाडेकरूपेक्षा कितीतरी जास्त भाडं देऊन शिरलेले, त्यामुळे आम्ही कोणी वेगळे आहोत असं अजिबात म्हणत नाहीये मी.

बर्लिनच्या सरकारने मधे 2020 मध्ये भाडी गोठवली होती, तुम्हाला आठवत असेल, आमचं भाडं कमी झालं म्हणून आई खूश झाली होती. पुढच्याच वर्षी कोर्टाने तो कायदा रद्द केला, हा अधिकार बर्लिनचा नाही केंद्राचा आहे म्हणून, आणि वाचलेले सगळे पैसे परत भरावे लागले. असो.

आता तो फ्लॅट. स्वस्त का आहे हे बाबांनी विचारलंच नाही! कारण त्यात माणूस राहतंय. आई, ती आजी, जिच्याबरोबर तू गेल्या उन्हाळ्यात खालच्या बाकावर बसून हातवारे करत तास तास गप्पा मारायचीस, तिचा फ्लॅट आहे तो. मालकाने कागदावर बिल्डिंगचे वेगवेगळे फ्लॅट केलेत आणि आता एकेक विकतोय. कायद्याने आधी तिलाच विचारावं लागतं, विचारलंसुद्धा, पण पेन्शनवर कोण बँक लोन देणार. इथे भाडेकरूसकट फ्लॅट विकला जातो आणि रिकाम्यापेक्षा बराच कमी भावाने जातो. घेणाऱ्याला बर्लिनमध्ये दहा वर्षं "मला स्वतःला राहायचंय" असं म्हणून तिला काढता येत नाही, त्यानंतर येतं. म्हणजे तो जो डिस्काउंट दिसतोय ना बाबा, तो कशाचा आहे तर आजी किती वर्षं जगेल किंवा दहा वर्षांनी तिला बाहेर काढायची आपली तयारी आहे का, याचा. एजंट अगदी गोड हसून म्हणाला की बाई वयस्कर आहेत. मला तिथेच उठून यावंसं वाटलं.

तुम्ही म्हणाल आपण नाही घेतला तर दुसरा घेईल. घेईलच. कदाचित तिला जन्मभर राहूही देईल, काय सांगावं. पण मला रोज जिन्यात तिला भेटायचंय, आणि तब्येत कशी आहे असं विचारताना मनात आकडेमोड नको.

घर घ्यायचंच नाही असं नाहीये, थोडं लांब रिकामा फ्लॅट बघतोय, महाग आहे, लहान आहे, घेऊ किंवा नाही घेणार. तोपर्यंत भाडेकरू संघटनेची मेंबरशिप घेतलीय, वर्षाला थोडेसे युरो जातात पण वकिलाचा सल्ला मिळतो. एफडी आहे तिथेच राहू दे. आणि आई, काकांनी दोन स्टेशनं पुढे मुलाच्या दुकानात बसायला सुरुवात केलीय, कोथिंबीर आता तिथून आणते मी. व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं काय झालं ते कळवा, ट्रॅव्हल इन्शुरन्स मी इथून काढते, बाबांनी एजंटला पैसे देऊ नयेत.

तुमची,
मनू