पावसाळा, टू-बीएचके आणि बॉर्डर कोली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाची झड लागली की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तक्रारी हमखास येतात : गच्चीची गळती आणि अमक्या मजल्यावरच्या कुत्र्याचं भुंकणं. गळतीचं गवंडी बघेल. भुंकण्याबद्दल मात्र लिहायला हवं, कारण 'कुत्राच वांड आहे' असं म्हणून लोक मोकळे होतात आणि खरी गोष्ट राहून जाते. फिरणं बंद झालेल्या हुशार कुत्र्याला दिवसभर काही कामच नसतं.

शहरांतल्या फ्लॅटमध्ये हल्ली बॉर्डर कोली आणि बेल्जियन मॅलिनॉइ या जातींचे कुत्रे दिसू लागलेत. कोली ही इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांत मेंढ्या वळवण्यासाठी घडवलेली जात. मेंढपाळाच्या शिट्टीवर दूरवरचा कळप डावीकडे की उजवीकडे न्यायचा, हे कळणारे कुत्रेच पिढ्यानपिढ्या निवडले गेले. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातले मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन पिली यांच्या 'चेसर' या कोलीला १०२२ खेळण्यांची नावं येत होती. ते संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. असं डोकं टू-बीएचकेत आणून बसवलं आणि समोर मेंढ्या नाहीत, की ते झाडू वळवतं, पाहुण्यांच्या टाचा वळवतं, फिरत्या पंख्यावर नजर लावून तासन् तास भुंकतं. आपला गावठी कुत्राही यात कमी नाही. फक्त तो सोफ्याऐवजी कचऱ्याचा डबा उघडायला शिकतो.

यावर घरोघरचा उपाय एकच, हॉलमध्ये चेंडू फेकणं. तो सगळ्यात वाईट. गुळगुळीत टाइल्सवर पंजांना पकड मिळत नाही; वेगात वळताना मागचा पाय घसरतो आणि गुडघ्याचा लिगामेंट दुखावतो किंवा तुटतो. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यांना तर हे अजिबात नको. दुसरा तोटा उशिरा कळतो. रोज तासभर चेंडू फेकला की कुत्र्याचा दम वाढतो आणि महिन्याभराने तो दीड तास मागतो. भिंतीवर लेझरचा ठिपका फिरवणं त्याहून घातक. तो ठिपका कधीच तोंडात सापडत नाही, आणि काही कुत्री पुढे सावल्या आणि भांड्यांची चमक पकडण्याच्या नादाला लागतात. ते सोडवणं फार कठीण जातं.

दमवायचं असेल तर नाकाला दमवा. फ्रान्सच्या शार्लोट द्युरांतों आणि अमेरिकेच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना दोन आठवडे वासावरून शोधण्याचा सराव दिला, काहींना मालकाच्या पायाशी चालण्याचा. नंतरच्या चाचणीत, खाऊ असेल की नसेल याची खात्री नसलेल्या वाटीकडे वास काढणारी कुत्री आधीपेक्षा जास्त उमेदीने गेली.

घरी हा खेळ असा बसवावा. रोजच्या खाण्यातला तिसरा हिस्सा सकाळीच बाजूला काढायचा. दिवसाला ३०० ग्रॅम कोरडं खाणं असेल तर १०० ग्रॅम. वरून वेगळा खाऊ देऊ नये, नाहीतर पावसाळा संपेपर्यंत कुत्र्याचा लोड होतो. पंखा बंद करायचा. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. छतावरच्या पंख्याने वास खोलीभर पसरतो आणि नवशिका कुत्रा गोंधळतो. कुत्र्याला दाराशी कोणीतरी धरायचं, त्याच्या देखत पाच-सहा दाणे जमिनीवर ठेवायचे आणि 'शोध' म्हणून सोडायचं. असं पाचदा. मग खुर्चीच्या पायामागे, मग पायपुसण्याच्या कडेखाली, मग त्याला दाराबाहेर ठेवून लपवायचं. चार-पाच दिवसांनी दुसरी खोली, आठवड्याने गुडघ्याइतकी उंची. एका वेळी दहा मिनिटं पुरतात. त्यानंतर बहुतेक कुत्री पाणी पिऊन आडवी होतात.

खेळ बिघडतो तो माणसामुळे. कुत्रा दोनदा चुकला की आपण बोट दाखवतो. तिसऱ्यांदा तो नाक वापरतच नाही, तुमच्या हाताकडे बघत उभा राहतो. बोट दाखवायचं नाही, 'अरे तिकडे, तिकडे' करायचं नाही. अडलाच तर पुढची जागा सोपी करायची. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी कपाटावर खाऊ ठेवू नये. तो कपाटावर चढायला शिकेल आणि त्यात चूक त्याची नसेल.

ऑनलाइन खरेदीचे खोके फेकू नका. चिकटपट्टी आणि पिना काढून आत चुरगळलेल्या वर्तमानपत्राचे गोळे (आपल्या दैनिकाचेही चालतात, रागावू नये) आणि मूठभर दाणे टाकले की पंधरा मिनिटांची सोय झाली. घरभर कागदाचे कपटे होतात, ते झाडता येतात. सोफा झाडून भागत नाही. कागद फाडून टाकणारा कुत्रा असेल तर हे चालतं, गिळणारा असेल तर नाही. त्याच्यासाठी जुन्या टॉवेलवर दाणे पसरून सैल गुंडाळी करावी आणि पुढच्या खेपेला तिला एक गाठ मारावी.

पोकळ रबरी खेळणं भरून गोठवणं हा उपाय आता बराच माहीत झालाय, पण निम्म्या घरांत ते दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात पडलेलं दिसतं, कारण सुरुवातच बर्फापासून होते. पहिल्या दोन खेपांना सैल भरावं, फ्रीजरमध्ये ठेवूच नये. कुत्र्याला रिकामं करायची युक्ती कळली की मग बारीक भोक गाजराच्या तुकड्याने बंद करून आत भिजवलेलं कोरडं खाणं किंवा दहीभात आणि उकडलेला लाल भोपळा दाबून भरावा आणि चार-पाच तास गोठवावं. दहीभात म्हणजे बिनफोडणीचा, बिनमिठाचा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नको; आजोबांनी मायेने चारलेले मूठभर मनुकेही कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडवू शकतात. पीनट बटर घेताना डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना ते बघावं, ते कुत्र्यांना विषारी असतं. खाऊन झालं की खेळणं तासाभरात उचलून बाटलीच्या ब्रशने धुवावं, नाहीतर पावसाळ्यात आधी मुंग्या येतात, मग बुरशी. खेळणं पूर्ण तोंडात मावेल इतकं लहान नको. नखाने दाबून जराही दबत नसेल इतकं कडकही नको, दाढ तुटते.

कोलीसारख्या कुत्र्याला खेळण्यांची नावं शिकवणं सर्वांत मानवतं. एकच खेळणं घ्यायचं, समजा कापडी बदक. देताना 'बदक', ओढताना 'बदक', परत मागताना 'बदक'. वीस-पंचवीस वेळा झालं की ते एखाद्या चपलेशेजारी ठेवून आणायला सांगायचं. जमलं की दुसरं खेळणं स्वतंत्र शिकवायचं आणि मगच दोन्ही एकत्र मांडायची. नावं वेगळ्या आवाजाची हवीत. 'बदक' आणि 'बटाटा' शेजारी ठेवू नयेत. चुकीचं आणलं तर रागवायचं नाही, काही न बोलता परत पाठवायचं. आणि घरातल्यांनी आधी आपसांत ठरवावं. आजी 'बदक' म्हणते, नातू 'डक' म्हणतो, बाबा 'ते पिवळं आण' म्हणतात. एवढ्यावर कुत्र्याने शब्द पकडायचा तरी कुठला? पाच मिनिटांचे तीन धडे दिवसाला भरपूर होतात.

ओढाताणीचा खेळ खेळा, त्याने कुत्रा चावरा होत नाही. फक्त 'सोड' म्हटल्यावर सोडलं तरच दोरी पुन्हा मिळेल हा नियम ठेवावा, आणि खाली सतरंजी किंवा रबरी चटई असावी. जेवणानंतर तासभर दांडगाई नको, विशेषतः मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांना. त्यांच्यात पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो.

या सगळ्यापेक्षा अवघड आणि महत्त्वाचं म्हणजे स्वस्थ पडणं शिकवणं. मोठा कुत्रा दिवसातून बारा-चौदा तास झोपतो, पिल्लू अठरा-वीस. संध्याकाळी वेड लागल्यासारखं चावत सुटणारं पिल्लू अनेकदा कंटाळलेलं नसतं, त्याची झोप राहिलेली असते. गोधडीची घडी घालून ती त्याची जागा ठरवावी. तो आपणहून तिथे आडवा झाला की हलकेच पंजांमध्ये एक दाणा ठेवायचा, बोलायचं नाही. 'शाब्बास रे माझ्या वाघा' असं ओरडलं की वाघ उठतो आणि सगळं पहिल्यापासून. आधी दर तीन सेकंदांनी एक दाणा, मग दहा, मग अर्ध्या मिनिटाने.

एक फरक मात्र ओळखायला हवा. घरात कोणी नसताना गोठवलेल्या खेळण्याला तोंडही न लावणारा, लाळ गाळणारा, फक्त दारच खरवडणारा कुत्रा कंटाळलेला नसतो, घाबरलेला असतो. अशा कुत्र्याला कितीही खेळ दिले तरी उपयोग नाही. कोणी बाहेर जाताना मोबाइलवर पहिल्या अर्ध्या तासाचं चित्रण करावं आणि ते पशुवैद्यांना दाखवावं.

राहिला प्रश्न सोसायटीचा. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदीचा ठराव सोसायटीला करता येत नाही. तेव्हा त्या वादात वेळ घालवण्यापेक्षा समित्यांनी पावसाळ्यापुरती पार्किंगची छताखालची एक बाजू सकाळी वीस आणि रात्री वीस मिनिटं द्यावी. गाड्यांची चाकं हे कुत्र्याचं वर्तमानपत्र असतं. गावभरच्या बातम्या तिथे चिकटलेल्या असतात. कुत्रा दोन-अडीच मीटरच्या दोरीवर, मालकाच्या खिशात पिशवी, आणि चाकांवर पाय वर केला तर पाण्याची बादली मालकाने आणायची.

आपला,
एक श्वानप्रशिक्षक, पुणे