आधी कुत्रा, मग कपाट

संपादक महोदय,

परदेशी बिऱ्हाड हलवायचे ठरले की पुणेकर पहिला फोन पॅकर्सवाल्याला करतात आणि कुत्र्याच्या डॉक्टरला शेवटचा. क्रम नेमका उलटा हवा. घरातले सामान चार दिवसांत बांधून होते. कुत्र्याच्या कागदांना चार महिने लागतात आणि जास्त पैसे मोजून ते कमी होत नाहीत.

युरोपीय संघ आणि ब्रिटन यांच्या रेबीजविषयक मान्य देशांच्या यादीत भारत नाही. म्हणून आधी कातडीखाली १५ आकडी ओळखक्रमांकाची मायक्रोचिप बसवायची आणि त्यानंतर रेबीजची लस द्यायची. बहुतेकांचे इथेच अडते. दरवर्षी लस इमानाने दिलेली असते, पण चिप मागाहून बसवलेली. मग ती लस याच कुत्र्याला दिली याला पुरावा राहत नाही आणि ती धरली जात नाही. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेकडेच पाठवावे लागते. कोपऱ्यावरच्या लॅबचा रिपोर्ट चालत नाही. रेबीजशी लढणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) प्रति मिलिलिटर किमान ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) हवीत. शिवाय रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचे. रिपोर्ट उत्तम आला तरी का, असे लोक चिडून विचारतात. रक्त काढण्याआधीच संसर्ग झालेला असेल, तर तो या मुदतीत उघडकीस यावा, म्हणून. आणि लशीचा पुढचा डोस एक दिवस जरी उशिरा झाला, तरी रक्ततपासणीसकट सगळे पहिल्यापासून.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. भारतातून जाणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, रक्ताचा नमुना कुत्रा तिथे पोहोचण्याआधी किमान २८ दिवस काढलेला हवा, नाहीतर तिथे २८ दिवस स्वखर्चाने विलगीकरण. इथे लस दिलेला कुत्रा ठरावीक विमानतळांवरच उतरतो, तेव्हा तिकीट त्याच्या हिशेबाने काढा, आपल्या नव्हे. मांजरांना हा नियम नाही. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट प्राणी नेताच येत नाही.

शेवटचे आरोग्य प्रमाणपत्र मुंबईच्या प्राणी संगरोध (क्वारंटाइन) केंद्राकडून घ्यायचे. ते मिळाल्यापासून १० दिवसांत युरोप गाठावे लागते. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली तर काय, याचा विचार करून एक दिवस हाताशी ठेवा.

पिंजऱ्याचे माप अंदाजाने घेऊ नका. कुत्रा उभा असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचे अंतर घ्या आणि त्यात जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवा. हे ८५ आणि ३० सेंटिमीटर भरले, तर आतली लांबी किमान १०० सेंटिमीटर हवी. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची डोक्याच्या किंवा उभ्या कानांच्या टोकापर्यंत, शिवाय अंथरुणाची जाडी. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना पिंजरा याहून मोठा लागतो आणि अनेक विमान कंपन्या त्यांना घेतच नाहीत. पिंजरा महिनाभर आधी हॉलमध्ये उघडा ठेवून त्यातच जेवण द्या. गुंगीचे औषध मात्र नको: रक्तदाब उतरतो, आणि गुंगीतला प्राणी बहुधा काउंटरवरूनच परत पाठवतात.

आता सामान. ४५ × ४५ × ६० सेंटिमीटरची आठ खोकी म्हणजे साधारण एक घनमीटर. समुद्रमार्गे भाडे आकारमानावर लागते, म्हणून फोनवर सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. माणूस घरी येऊन मोजून जाऊ दे. यादीत ‘किचनचे सामान’ असे मोघम लिहिले की कस्टमवाले खोके फोडतात. ‘स्टीलचे डबे १२, वापरलेले’ असे लिहा. खोके स्वतः भरले, तर आतल्या फुटलेल्या बरण्यांची भरपाई विमा सहसा देत नाही. केरसुणी, नारळ, सुपारी, मसाले, देवघरातले मोरपीस यांना खोक्यात जागा नाही. मोरपीस भारतातूनच बाहेर जाऊ देत नाहीत.

आजोबांच्या वाड्यातून आलेल्या वस्तूंकडे विशेष पाहा. पुरातन वस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्याने १०० वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू आणि ७५ वर्षांहून जुने मौल्यवान हस्तलिखित खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पितळी देव तसा जुना नसेल, तर पुरातत्त्व खात्याचा तसा दाखला आधीच घ्या. बंदरावर ‘आम्ही तो १९६० साली घेतला’ असे सांगून भागत नाही. शिसवी लाकडाच्या जड फर्निचरलाही वेगळा परवाना लागतो, सागवानाला तो लागत नाही. मिक्सर अमेरिकेला नेऊ नका, तिथली वीज १२० व्होल्टची. जर्मनीत तो चालेल.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी करमाफीच्या अर्जात सामानाबरोबर प्राण्याचेही नाव घालावे. ते राहिले, तर आपल्याच मांजरावर कर भरायची वेळ येते.

शहरातील पशुवैद्यांना एक विनंती. चिप बसवताच तिचा क्रमांक आणि तारीख लसपुस्तिकेच्या पहिल्या पानावर शिक्क्यासह लिहून द्यावी, आणि प्रत्येक लशीच्या नोंदीपुढे तो क्रमांक पुन्हा लिहावा. निम्मे अर्ज या एका ओळीअभावी रखडतात.

– परदेशी सामान पाठवणीच्या व्यवसायातील एक वाचक, पुणे