फोटो कुणी काढला

ओसेर, १९ ऑगस्ट

ती. आई व आप्पा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आप्पा, एकाच डोळ्याने वाचायचं आहे, दमलात तर अर्धं उद्या वाचा. फोनवर बोलायला गेलं की आई रडते, मग तुम्ही फोन घेता, "बरं" म्हणता आणि परत तिच्याच हातात देता. म्हणून पत्र.

मी बरी आहे. जेवणखाण नीट चाललंय. खोलीचं, कामाचं, थंडीचं काही लिहीत नाही, ते ताईला पाठ आहे.

आधी त्या फोटोचं. आत्याने स्टेटस बघितलं आणि मी फ्रान्समध्ये रानोमाळ सायकलवर हिंडते हे गावभर झालं. हिंडते हे खरं आहे. आई, तू विचारलंस, फोटो कुणी काढला? कालव्याच्या दरवाज्यावर एक बाई कामाला होत्या, तुझ्याच वयाच्या. त्यांनी काढला. बाकीचे मी मोबाइल दगडाला टेकवून, टायमर लावून काढलेत, म्हणून त्या सगळ्यांत मी कुठूनतरी धावत आल्यासारखी दिसते. सोबत कुणी नाही. मुलगा नाही, मैत्रीणही नाही. यातलं काय ऐकून तुला जास्त बरं वाटलं असतं, देव जाणे.

दुसरं सुट्टीचं. मे महिन्यात आप्पांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला यायला सुट्टी नव्हती आणि आता सायकल फिरवायला बरी मिळाली, असं ताई म्हणाली. अगं, ऑगस्टमध्ये आमची प्रयोगशाळाच तीन आठवडे बंद असते. दाराला कुलूप. ही सुट्टी मी मागितलेली नाही, आणि या दिवसांत विमानाचं तिकीट हात लावू देत नाही. हे मी आतापर्यंत चार जणांना सांगितलंय, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडं मोठ्या आवाजात.

आता भीतीचं. मी गाड्यांच्या रस्त्यावर नाहीच मुळी. देसीझपर्यंत रेल्वेने आले (इथे रेल्वेच्या डब्यात सायकल ठेवायला जागा असते) आणि तिथून पुढे निव्हर्ने नावाच्या कालव्याच्या काठाने. १७४ किलोमीटरचा कालवा आहे, मी रमतगमत सात दिवस लावले. मध्ये कुठे गाड्यांचा रस्ता लागलाच, तर गावाबाहेर सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं असा इथे कायदाच आहे, आणि बहुतेक लोक तो पाळतात. गुडघ्याचं म्हणाल तर खडीवर घसरले, खरचटलं, खपली धरली. फोटोत जे दिसलं तेवढंच.

आप्पा, हा कालवा तुम्हाला दाखवायला हवा होता. शेताला पाणी देण्यासाठी नाही काढलेला. मोर्वांच्या डोंगरातलं जळाऊ लाकूड पॅरिसला पोचवायचं म्हणून १७८४ साली खणायला घेतला. त्याच्याही आधीपासून ओंडके नदीत सोडून द्यायचे, क्लामसी गावाशी अडवून त्यांचे तराफे बांधायचे आणि त्या तराफ्यांवर उभं राहून माणसं पॅरिसपर्यंत जायची. शहराच्या कितीतरी चुली या रानावर पेटायच्या. क्लामसीच्या पुलावर तसल्या एका तराफेवाल्याचा पुतळा आहे. कालव्यातली नाव काठावरून दोराने ओढत न्यायचे, घोडेही आणि माणसंही. त्यांच्या पायांनी पडलेली वाट आता सायकलींना मिळाली आहे.

नाव डोंगर कशी चढते? तर पायऱ्यांनी. नाव दोन दरवाज्यांच्या मध्ये घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी हळूहळू आत सोडायचं. नाव पाण्याबरोबर वर आली की पुढचं दार उघडायचं. सार्दी गावाशी अशा १६ पायऱ्या एकामागोमाग आहेत. अजूनही माणूस हाताने दांडा फिरवून दरवाजे उघडतो. आपल्या पाटकऱ्यासारखंच काम, फक्त बारीवरून कुणी कुणाची कॉलर धरत नाही. आणि बाराला पाटकरी जेवायला गेला की नाववाले तासभर गुपचूप वाट बघत बसतात.

दोन्ही बाजूंना शेतांत पांढऱ्याशुभ्र गाई, खिल्लारापेक्षा दुप्पट अंगाच्या. त्या कशासाठी पाळतात ते आजीला सांगू नका.

एक गोष्ट मात्र इथे यायच्या आधी कुणीतरी सांगायला हवी होती. लियोंमध्ये दोन वर्षं राहूनही मला ती नीट कळली नव्हती, कारण शहरात खपून जातं. पहिल्याच गावात पावाच्या दुकानात गेले आणि फ्रेंचमध्ये, अगदी "कृपया" लावून, एक पाव मागितला. बाई म्हणाल्या, "बोंझूर." मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी जरा मोठ्याने पाव मागितला. बाई परत, "बोंझूर." मी बोटाने पाव दाखवला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, रागाने नाही, शाळेतल्या बाई उत्तराची वाट बघतात तशा. मागच्या म्हाताऱ्याने माझ्या कानाशी हळूच म्हटलं, "बोंझूर म्हण." म्हटलं. लगेच पाव मिळाला, वर हसूही मिळालं. म्हणजे असं, की आधी माणसाला नमस्कार, मग वस्तू. दुकानात शिरताना दुकानदाराला, दवाखान्यात शिरताना बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटना, वाटेत समोरून येणाऱ्या अनोळखी सायकलवाल्याला. संध्याकाळ झाली की शब्द बदलायचा, बोंस्वार. निघताना आणखी वेगळं, तुमचा दिवस चांगला जावो. आणि सकाळी ज्याला एकदा म्हटलं त्याला दुपारी परत बोंझूर म्हटलं, तर तो म्हणतो, अहो आपली भेट झालीय की! म्हणजे कुणाला म्हणून झालं तेही लक्षात ठेवायचं. मी तीन दिवस या गोंधळात होते. चौथ्या दिवशी आठवलं, फाट्यावर आप्पा उभे राहतात तेव्हा ओळखीचा-बिनओळखीचा एकही माणूस त्यांच्या रामरामावाचून पुढे जात नाही, आणि मी कॉलेजात असताना त्यांच्या शेजारी उभी राहून लाजायची.

सामानाचं सांगायचं राहिलं. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दोन पिशव्या, वर तंबू. पहिल्या दिवशी सायकल ढकलताना हाताला ते वजन ओळखीचं वाटलं. डेअरीला जाताना तुमच्या दुधाच्या किटल्या! एकीकडची भरली आणि दुसरीकडची रिकामी असली की सायकल कशी ओढते, ते मला आधीच माहीत होतं. पंक्चरही निघालं एकदा. घमेलं कुठून आणणार, कालव्यातच ट्यूब बुडवली, बुडबुडे बघितले, घासून सोल्युशन लावलं आणि तुम्ही म्हणता तसं सोल्युशन सुकेपर्यंत हात बांधून बसले. त्या बाईंनी फोटो काढला तो तेव्हाच. त्यांनी विचारलं, कुठे शिकलीस? मी सांगितलं, वडिलांनी शिकवलं. पुढचं फ्रेंच मला येईना.

रात्री राहते ती म्युनिसिपाल्टीच्या तंबूच्या मैदानात. नळ, गरम पाणी, दिवे, शेजारी पोराबाळांची कुटुंबं. संध्याकाळी माणूस येऊन पावती फाडतो. आईने दिलेली कारळ्याची चटणी पावात घालून खाते. संपत आली आहे.

आजीला सांगा, व्हेझले नावाच्या टेकडीवर मोठं जुनं देऊळ आहे, ख्रिस्ती लोकांचं. तिथून लोक पायी स्पेनला यात्रेला जातात, दीड हजार किलोमीटरच्या वर, पाठीवरच्या पिशवीला शिंपला बांधून. एक सत्तरीच्या बाई एकट्याच निघाल्या होत्या. मी त्यांना वारीबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, तू किती वेळा गेलीस? आजीनेही मला हे खूपदा विचारलंय.

आता कामाचं. सोसायटीचा हप्ता आणि मोटारीचे मिळून साठ हजार ताईच्या खात्यावर टाकलेत. आप्पा, मोटार नवीनच घ्या, परत वाइंडिंग करत बसू नका. सायकल जुनी घेतली, चारशे युरोला. रुपयांत गुणू नका. ताईने गुणलंच असेल, आणि तेवढ्यात तिकीट आलं असतं असंही म्हणाली असेल. मे महिन्यात आलं असतं. खरं सांगायचं तर मे महिन्यात मी चार दिवस मागितले असते तर मिळालेही असते कदाचित. मी मागितलेच नाहीत. आले असते तर दवाखान्याच्या बाकावरसुद्धा आत्याने बायोडाटा काढला असता.

कराडच्या स्थळाला नाही म्हणून कळवा. मुलगा चांगला आहे, मी त्याच्याशी दोनदा बोलले, त्याच्यात खोट काढू नका. आई, इथे संध्याकाळी कालव्याच्या काठी एकटीच बसते तेव्हा मला वाईट वाटत नाही. हे तुला कसं लिहावं ते कळत नव्हतं, म्हणून आधी गाईंचं लिहिलं.

आणि अजून एक. डिसेंबरात परत येणार म्हणाले होते, पण करार दोन वर्षांनी वाढला आहे. सही जूनमध्येच केली. पगारही थोडा वाढलाय.

दिवाळीला मात्र येतेय, दोन आठवडे, तिकीट काढलंय. आप्पांच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख पाडव्यानंतरची घ्या, दवाखान्यात मी थांबेन.

तुमची,
छोटी

ता.क. बघायचे कार्यक्रम ठेवू नका. ठेवलाच तर एकच, आणि ऑपरेशनच्या दिवशी नको.