रोलर कोस्टरच्या फाटकावरील ताईंस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी आपले नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे. थीम पार्कमध्ये दिवसभरात हजारो माणसे आपल्या डोळ्यांसमोरून जात असतील. तरीही व्हीलचेअरवर बसलेली चौदा वर्षांची मुलगी, कानांवर जाड हेडफोन लावलेला तिचा छत्तीस वर्षांचा मामा आणि दोघांच्या पिशव्या खांद्याला अडकवलेली मी, असे आम्ही तिघे कदाचित आपल्या लक्षात असू. माझ्या मुलीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. तिला सगळे कळते, बोलताही येते, मात्र शब्द उच्चारायला वेळ लागतो आणि मानेचा व पाठीचा तोल फार वेळ सांभाळता येत नाही. माझा धाकटा भाऊ स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. एरवी तो आपणहून बोलतो, परंतु गर्दीत आणि गोंगाटात त्याची वाचाच बसते.

आपले आभार मला सर्वांत आधी मानायचे आहेत ते आपण दिलेल्या नकाराबद्दल.

नकार आम्हांला नवे नाहीत. एका उद्यानात फाटकावरच्या माणसाने मुलीकडे न पाहता, तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत, ‘हिला चालणार नाही’ एवढेच सांगितले होते आणि कारण विचारल्यावर ‘नियम आहे’ म्हणून विषय संपवला होता. दुसऱ्या एका ठिकाणी याच्या अगदी उलट घडले. तेथे केवळ दयेपोटी तिला बसू दिले गेले, आणि पहिल्याच वळणावर ती दांड्याखालून एका बाजूला घसरू लागली. राइड थांबेपर्यंत मी तिला एका हाताने छातीशी धरून ठेवले होते. त्या दिवसापासून दयेच्या होकाराची मला नकारापेक्षा अधिक धास्ती वाटते.

आपण यांपैकी काहीच केले नाहीत. रोलर कोस्टरच्या फाटकाशी मुलीने हट्ट धरला तेव्हा आपण तिच्या खुर्चीसमोर उकिडव्या बसलात आणि प्रश्न तिला विचारलेत. खांद्यांवरून येणारा आधार बंद झाल्यावर डोके मागे टेकवून ठेवता येते का, समोरची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरता येते का, कमरेतून स्वतःला सरळ ठेवता येते का, अशी आपण चौकशी केलीत. प्रत्येक प्रश्नानंतर आपण थांबत होतात. तिचे उत्तर यायला चार-पाच सेकंद लागतात आणि बहुतेक माणसे तेवढ्यात माझ्याकडे वळतात. आपण वळला नाहीत. मग आपण तिला सांगितलेत की या राइडमध्ये शरीराला बसणारे झटके पट्ट्याने नव्हे तर मानेने आणि धडाने पेलावे लागतात, आणि म्हणून येथे बसणे तिच्यासाठी सुरक्षित नाही.

त्यापुढे आपण जे समजावलेत ते मलाही नवीन होते. रोलर कोस्टरच्या रुळांचे टप्पे पाडलेले असतात आणि पुढची गाडी आपला टप्पा सोडून जात नाही तोवर मागच्या गाडीला त्या टप्प्यात शिरू दिले जात नाही, ब्रेक लागून ती मध्येच उभी राहते; हा बिघाड नसून टक्कर टाळण्याची व्यवस्था आहे. मात्र गाडी पुन्हा सुरू करता आली नाही, तर प्रवाशांना रुळांच्या कडेच्या अरुंद पायऱ्यांवरून चालत खाली उतरावे लागते. ‘तू बसू शकशील की नाही एवढेच मला पाहून चालत नाही, मध्येच उतरावे लागले तर काय, हेही पाहावे लागते,’ असे आपण म्हणालात. मुलगी त्या उंच रुळांकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिने विचारले, ‘मग मला काय जमेल?’

‘मला काय जमत नाही’ हे ऐकण्यात जिचे आयुष्य गेले, तिने स्वतःहून हा प्रश्न विचारावा, याचे श्रेय मी पूर्णपणे आपल्याला देते.

आपण माहितीपुस्तिका उघडून तिच्या मांडीवर ठेवलीत. कोणत्या राइडमध्ये खुर्चीसकट जाता येते, कोठे खुर्चीतून उठून आसनावर बसावे लागते आणि कोठे चार पायऱ्या चढाव्याच लागतात, हे आपण तिला बोटाने दाखवलेत. लाकडी घोड्यांच्या चक्रात खुर्चीसाठी जागा आहे हे कळल्यावर तिने पहिला प्रश्न केला तो घोडे वर-खाली होतात, खुर्चीही होते का, हा. आमच्या घरी हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील सॅन अँटोनियो येथे २०१० साली सुरू झालेल्या मॉर्गन्स वंडरलँड या उद्यानाविषयी तिने पुष्कळ वाचले आहे. गॉर्डन हार्टमन यांची मुलगी मॉर्गन पोहण्याच्या तलावात इतर मुलांशी खेळायला गेली आणि ती मुले तलाव सोडून निघून गेली. त्या प्रसंगातून हार्टमन यांनी, अपंग आणि इतर सर्वांना एकत्र खेळता येईल, असे ते उद्यान उभारले. तेथील चक्रात व्हीलचेअरची जागासुद्धा घोड्यांबरोबर वर-खाली होते. आपल्या चक्रात तशी सोय नाही, हे आपण सरळ सांगितलेत आणि ‘तू म्हणतेस तसे असायला हवे होते’ असेही म्हणालात. खुर्चीचे पट्टे फरशीतील कड्यांना अडकवताना आपण तिला प्रत्येक पट्टा ओढून पाहायला लावलात. ती स्वतःच्या हाताने तपासत होती, आणि त्या दोन मिनिटांत ती मला एकदम मोठी दिसली.

नंतरच्या होडीच्या राइडला तिला खुर्चीतून आसनावर बसवायचे होते. ‘मला प्रवाशांना उचलण्याची परवानगी नाही, ते तुम्हालाच करावे लागेल, पण होडी हलणार नाही ही जबाबदारी माझी,’ हे आपण सुरुवातीलाच स्पष्ट केलेत. हे आधी कळणे किती मोलाचे असते हे कसे सांगू? ऐनवेळी कोणीतरी मदतीला हात पुढे करतो, चुकीच्या ठिकाणी धरतो आणि तिच्या स्नायूंना पेटके येतात, असे आमच्याबाबतीत अनेकदा झाले आहे. मी खुर्ची तिरकी लावली, ब्रेक ओढले, फूटरेस्ट बाजूला वळवले आणि तिला काखेतून धरून उचलले. नेहमीप्रमाणे तिच्या डाव्या बुटाची टाच होडीच्या काठाला अडकली. माझे दोन्ही हात गुंतलेले होते. आपण वाकून तिला विचारलेत, ‘पाय आत घेऊ का?’ तिचे ‘हो’ बाहेर पडायला वेळ लागला. तोवर आपला हात बुटापासून वीतभर अंतरावर तसाच थांबलेला मी पाहिला. ‘हो’ आल्यावरच आपण दोन बोटांनी टाच सोडवलीत. मागे रांग खोळंबली होती. त्यांना आपण ‘होडी एक मिनिटात सुटेल’ एवढेच सांगितलेत, कोणामुळे उशीर होत आहे ते नाही.

आता माझ्या भावाविषयी. लहान मूल रांगेत कान झाकून रडू लागले तर लोक निदान वाट देतात. तेच मोठ्या वयाच्या, दाढी असलेल्या पुरुषाने केले तर माणसे दचकून मागे सरतात आणि कोणीतरी सुरक्षारक्षकाला हाक मारते. रांग त्याला का सोसत नाही हे मला प्रत्येक वेळी अनोळखी माणसांसमोर, तो शेजारी उभा असताना, समजावून सांगावे लागते आणि त्याची मला फार लाज वाटते. त्याची नव्हे, तसे करावे लागण्याची. त्याच्या गळ्यात सूर्यफुलांची हिरवी पट्टी होती. वरवर न दिसणाऱ्या अपंगत्वाची खूण म्हणून २०१६ साली लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सुरू झालेली ही पट्टी आता अनेक देशांत ओळखली जाते, तरी ती पाहून नेमके काय करायचे हे ठाऊक असलेली माणसे मला क्वचितच भेटतात. आपण आजाराचे नाव विचारले नाहीत. ‘रांगेत नेमके काय अवघड जाते?’ असे आपण विचारलेत, आणि कठड्यांमधली अरुंद वाट, मागून लागणारे धक्के आणि हे कधी संपेल ते न कळणे, अशी तीन कारणे मी सांगितल्यावर एका कागदावर परत येण्याची वेळ ठळक आकड्यांत लिहून दिलीत. शब्द हरवलेल्या त्या क्षणीही आकडा त्याला वाचता येत होता.

एक गृहस्थ त्या वेळी कुरकुरले की यांना रांग मोडू दिली जाते. रांगेला जेवढा वेळ लागणार आहे तेवढ्याच वेळानंतरची वेळ दिली आहे, वाट यांनाही पाहायची आहे, फक्त गर्दीत उभे राहून नव्हे, हे आपण त्यांना शांतपणे सांगितलेत. डिस्नेच्या अमेरिकेतील उद्यानांनी २०१३ मध्ये, आधीच्या सवलतीचा गैरवापर होत असल्याच्या तक्रारींनंतर, अशीच परतीच्या वेळेची पद्धत आणली होती. तो वेळ आम्ही आपण दाखवलेल्या शांत खोलीत, मंद दिव्याखाली काढला. भाऊ तेथे भिंतीला पाठ टेकवून बसला आणि अर्ध्या तासाने त्याने स्वतःच हेडफोन काढले.

आणखी एक गोष्ट आहे. ती उघडपणे लिहावी की नाही असा मला प्रश्न होता, पण मुलीने परवानगी दिली आहे. तिचे कपडे बदलण्याची वेळ आली तेव्हा अपंगांच्या स्वच्छतागृहात तान्ह्या बाळांसाठी असते तेवढीच फळी होती. मोठ्या मुलांसाठी आणि प्रौढांसाठी पुरेसा बाक आणि उचलण्याचे यंत्र असलेली स्वच्छतागृहे असावीत यासाठी ब्रिटनमध्ये २००६ पासून ‘चेंजिंग प्लेसेस’ ही मोहीम चालू आहे. तशी सोय नसेल तर आमच्यासारख्या घरांपुढे फरशीवर चादर अंथरणे किंवा लवकर घरी परतणे एवढेच मार्ग उरतात. मी पिशवीतून चादर काढताना आपण पाहिलेत. काहीही न विचारता आपण प्रथमोपचाराच्या खोलीची किल्ली आणलीत, तेथील खाट रिकामी करवलीत आणि दाराबाहेर पाठ करून उभ्या राहिलात. असा बाक कायमचा बसवावा, अशी विनंती मी व्यवस्थापनाला वेगळ्या पत्राने करत आहे. त्यात या प्रसंगाचा उल्लेख केला तर आपली हरकत नसावी.

आम्ही दुपारी परतण्याच्या तयारीने आलो होतो आणि दिवे लागेपर्यंत थांबलो. भावाने परतीच्या वेळेची ती चिठ्ठी पाकिटात, ओळखपत्राच्या मागे ठेवली आहे. मुलीला मात्र तेव्हापासून रुळांच्या टप्प्यांनी झपाटले आहे. वहीत ती रोलर कोस्टरचा मार्ग काढते, त्याचे तुकडे पाडते आणि एका वेळी किती गाड्या सोडता येतील ते मोजत बसते. तिने आपल्यासाठी एक प्रश्न लिहून घ्यायला सांगितले आहे: आपल्या रोलर कोस्टरचे एकूण टप्पे किती आणि ब्रेक नेमके कोठे कोठे आहेत? कळवता आले तर अवश्य कळवावे, ती वाट पाहत आहे.

आपली कृतज्ञ,
त्या मुलीची आई आणि तिच्या मामाची ताई